वार्धक्य आणि वाहनाची किल्ली

सायंकाळी शाळा सुटल्याची घंटा झाली म्हणजे येरवड्यात आमच्या फाटकाबाहेर जो वाहनांचा मेळा जमतो, त्याकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते. मुलांस न्यावयास येणाऱ्यांत आईबापांच्या बरोबरीने आजोबांची संख्याही पुष्कळ असते. आईबाप दोघेही कामावर. तेव्हा नातवंडांस शाळेत पोहोचविणे व परत नेणे हे काम आजोबांकडे आलेले असते. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, पुढे पायांशी दप्तर आणि मागे नातू किंवा नात, अशी स्कूटर पाहून मनास समाधान वाटते. परंतु तीच स्कूटर पुढे गुंजन चौकाशी नगर रस्त्याच्या प्रवाहात शिरते, तेव्हा त्या समाधानात थोडी धास्तीही मिसळल्यावाचून राहत नाही. वार्धक्याने मनुष्याच्या वाहन चालविण्याच्या शक्तीत नेमका काय फरक पडतो, तो कसा ओळखावा आणि ओळखल्यावर घरच्यांनी काय करावे, याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. हा विषय मुलांचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण विद्यार्थिमित्रहो, त्या स्कूटरच्या मागील बैठकीवर बसणारे तुम्हीच आहात. यास्तव तो प्रथम तुमचाच आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकातील वृद्ध इसहाकाची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहेच. त्याची दृष्टी मंद झाली होती, आणि समोर उभा असलेला पुत्र एसाव की याकोब हे त्यास ओळखता येईना. त्याने हाताने चाचपून पाहिले, वास घेऊन पाहिला, तरी तो फसलाच. वाहन चालविणाऱ्यास तर चाचपण्याचीही सवड नसते. रस्ता, वळण, खड्डा, दिवा, पादचारी यांची वार्ता त्यास मुख्यत्वेकरून डोळ्यांच्या द्वारेच मिळावयाची; म्हणून विचारास आरंभ डोळ्यांपासूनच केला पाहिजे.

चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागते, त्यामुळे जवळचे अक्षर अंधुक दिसते व वाचनास चष्मा लागतो. हा बदल सर्वांस माहीत आहे, पण रस्त्यावरील धोक्याच्या दृष्टीने तो किरकोळ होय. खरा फरक याहून गुप्तपणे होत असतो. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते व अंधारातही पूर्वीसारखी विस्तारत नाही. शिवाय भिंग पिवळसर होऊन प्रकाश अडविते. परिणामी साठ वर्षांच्या मनुष्याच्या डोळ्यातील पडद्यावर विशीतील तरुणाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. दिवसा ही उणीव भासत नाही, कारण सूर्यप्रकाश विपुल असतो. रात्री मात्र ती एकदम उघड होते, आणि गडद कपड्यांतला पादचारी अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही.

दुसरा फरक दिपण्याचा. भिंग थोडे गढूळ झाले की समोरून येणारा तीव्र प्रकाश त्यात विखुरतो आणि डोळ्यांपुढे धुक्यासारखा पडदा उभा राहतो. तो पडदा तरुणाच्या डोळ्यांवरून लवकर विरतो. वृद्धाच्या डोळ्यांवरून विरण्यास अधिक वेळ लागतो. हिवाळ्यात सायंकाळी नगर रस्त्याने पुणे शहराकडे येताना मावळता सूर्य अगदी तोंडासमोर येतो, याचा अनुभव पुष्कळांस असेल. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांची मोटार १७ जानेवारी २०१९ रोजी सँड्रिंगहॅमजवळ दुसऱ्या मोटारीवर आदळून उलटली. त्यांचे वय तेव्हा ९७ वर्षांचे होते. कललेल्या सूर्याच्या प्रकाशामुळे समोरून येणारी मोटार आपणांस दिसली नाही, असे त्यांनी मागाहून कळविले. दुसऱ्या मोटारीतील स्त्रियांस दुखापत झाली. त्यांच्या सोबतचे तान्हे मूल मात्र सुखरूप राहिले. पुढे ९ फेब्रुवारी रोजी त्यांनी आपला परवाना स्वखुशीने परत केला. राजवाड्यात राहणाऱ्याचे डोळेही म्हातारे होतातच.

डोळ्यांचे दोन रोग येथे विशेष लक्षात ठेवावेत. एक मोतीबिंदू. त्यात भिंगच अपारदर्शक होत जाते. परंतु शस्त्रक्रियेने तो बहुधा बरा होतो. शस्त्रक्रिया करून घेतलेल्या वृद्ध चालकांच्या अपघातांचे प्रमाण, ती न केलेल्यांच्या मानाने सुमारे निम्मे आढळले, असा निष्कर्ष अमेरिकेतील एका अभ्यासात २००२ साली प्रसिद्ध झाला. दुसरा काचबिंदू. हा चोरपावलांनी येतो. समोरचे अक्षर स्पष्ट दिसत असते. पण बाजूंचे दृश्य हळूहळू नाहीसे होत जाते. गेलेली दृष्टी औषधाने परत येत नाही. उरलेली मात्र राखता येते. बाजूच्या गल्लीतून येणारी सायकल ज्यास दिसत नाही, त्यास आपल्याला ती दिसत नाही याचीही जाणीव नसते. या रोगाची खरी भीती हीच होय.

आता हातापायांकडे व मेंदूकडे वळू. धोका दिसल्यापासून हात किंवा पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो क्षण जातो, तो मोजण्याचा एक सोपा प्रयोग तुम्ही घरी करू शकाल. तीस सेंटिमीटरांची फूटपट्टी एकाने वरच्या टोकास धरून उभी लोंबकळत ठेवावी. दुसऱ्याने तिच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, अंगठा व तर्जनी उघडी ठेवावी. पट्टीस स्पर्श करू नये. पहिल्याने न सांगता पट्टी सोडून द्यावी व दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. ती १० सेंटिमीटरांवर पकडली गेल्यास सुमारे ०.१४ सेकंद, २० वर पकडली गेल्यास ०.२० सेकंद आणि ३० वर पकडली गेल्यास ०.२५ सेकंद लागले असे समजावे. पतनाचे नियम शिकलेल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः मांडून पाहावे. आजोबांबरोबर हा खेळ खेळाल तर तुमच्या व त्यांच्या आकड्यांतील अंतर पाहून तुम्हांस बहुधा नवल वाटेल, कारण ते फारसे मोठे निघत नाही.

परंतु एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. पट्टीच्या खेळात करावयाची गोष्ट एकच व ती आधीच ठरलेली असते. रस्त्यावर तसे नसते. डावीकडून रिक्षा वळत आहे, समोर दिवा पिवळा झाला आहे, मागून बसचा भोंगा वाजत आहे, आणि इतक्यात कोणी रस्त्यात उतरतो. यांपैकी कशाकडे आधी पाहावे व थांबावे की वळावे, याचा निर्णय मेंदूस करावा लागतो. हा निवडीचा विलंब वयाबरोबर अधिक वाढतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. निर्णयास अर्धा सेकंद अधिक लागला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच वाहन साडेपाच मीटर अधिक पुढे गेलेले असते. साडेपाच मीटर म्हणजे लहानशा वर्गखोलीची रुंदी. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचा जीव वाचण्यास किंवा जाण्यास एवढे अंतर पुरेसे आहे.

याखेरीज मान पूर्वीसारखी वळत नाही, त्यामुळे खांद्यावरून मागे पाहणे टळते; कानास उंच स्वर कमी ऐकू येतात; गुडघे आखडतात. पुण्यासारख्या दुचाक्यांच्या नगरीत आणखी एक गोष्ट आहे, तिचा विचार मोटारींच्या देशांतील ग्रंथांत क्वचितच सापडतो. वृद्ध मनुष्य सावधगिरी म्हणून वाहन हळू चालवितो. मोटारीस ते मानवते. परंतु दुचाकी जितकी हळू चालेल तितकी ती डगमगते आणि तिचा तोल सांभाळणे कठीण होते. सुमारे शंभर किलो वजनाची स्कूटर चौकात थांबताना एकीकडे कलली, तर ती सावरण्यास पायांत जोर पाहिजे. तो नसल्यास मनुष्य जागच्या जागी पडतो, आणि ठिसूळ झालेली हाडे एवढ्यानेच मोडतात. तरुण ज्या पडण्यातून धूळ झटकून उठतो, त्याच पडण्याने वृद्ध महिनोन्महिने अंथरुणास खिळतो.

औषधांचाही विचार केला पाहिजे. सर्दीवरील काही जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी व झोपेच्या गोळ्यांनी गुंगी येते व ती दुसऱ्या दिवशीही रेंगाळते. रक्तदाबाच्या काही औषधांनी उठताना घेरी येते. मधुमेहाची काही औषधे किंवा इन्सुलिन घेऊन वेळेवर जेवण झाले नाही, तर रक्तातील साखर एकाएकी उतरून घाम सुटतो व बुद्धी भ्रमिष्टासारखी होते. म्हणून नवे औषध सुरू करताना, हे घेऊन वाहन चालवावे काय, हा प्रश्न डॉक्टरांस अवश्य विचारावा. सर्वांत अवघड गोष्ट स्मृतिभ्रंशाची. ज्याची दृष्टी अधू झाली त्यास बहुधा ते कळते व तो सांभाळून राहतो; परंतु ज्याचे आकलनच अधू झाले, त्यास आपण पूर्वीइतकेच निष्णात आहो असे वाटत असते. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, वाहनावर नवनवे ओरखडे दिसणे, ब्रेकऐवजी वेग वाढविणे, ही लक्षणे दिसू लागली म्हणजे घरच्यांनी जागे व्हावे.

आता येथवर वाचून कोणी म्हणेल की, रस्त्यांवरील अपघातांस म्हातारी माणसेच कारण आहेत. असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्र सरकारच्या प्रसिद्ध आकड्यांनुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. मृतांतील सुमारे दोनतृतीयांश माणसे १८ ते ४५ या वयातील होती. अतिवेग, बेपर्वाई व शिरस्त्राणावाचून वाहन हाकणे हे दोष पिकल्या केसांचे नव्हेत. उलट वृद्ध चालक बहुधा रात्र, पाऊस व गर्दीची वेळ आपण होऊन टाळतो, दारू पिऊन चालवीत नाही आणि शर्यतही लावीत नाही. तथापि अतिवृद्ध चालक जितके अंतर कापतो त्या मानाने पाहिले, तर त्याच्या अपघातांचे प्रमाण पुन्हा वाढलेले दिसते. ते अपघात विशेषेकरून चौकात व वळताना होतात, कारण समोरच्या वाहनाचा वेग व अंतर एकाच क्षणी ताडण्याचे काम तेथेच पडते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. म्हणून उजवीकडे वळणे हीच वृद्धांची खरी परीक्षा होय. सारांश, वय हा गुन्हा नव्हे. सामर्थ्याची उणीव न ओळखणे हा मात्र धोका आहे.

याविषयी कायदा काय सांगतो तेही पाहू. भारतात वाहन चालविण्यास वयाची वरची मर्यादा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे खासगी वाहनाचा परवाना तिशीच्या आत काढल्यास चाळिसाव्या वर्षापर्यंत, तीस ते पन्नास या वयात काढल्यास दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्न या वयात काढल्यास साठाव्या वर्षापर्यंत, आणि पंचावन्न वर्षांनंतर पाच पाच वर्षे चालतो. चाळिशी ओलांडलेल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. आम्हीही चाळिशी ओलांडली असल्याने हा कागद घेऊन रांगेत उभे राहण्याचा प्रसंग आम्हांवरही आला आहे. परंतु परवान्याचे नूतनीकरण वेळेवर केल्यास वाहन चालवून दाखविण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. ब्रिटनमध्ये सत्तराव्या वर्षी परवाना संपतो व पुढे दर तीन वर्षांनी तो नवा करावा लागतो. जपानात २००९ पासून पंचाहत्तर वर्षांवरील चालकांची नूतनीकरणाच्या वेळी स्मृतीची व आकलनाची चाचणी घेतात. त्याच देशात १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका चालकाच्या मोटारीखाली एक तरुण आई व तिची तीन वर्षांची मुलगी मरण पावली. यंत्रच बिघडले होते, असे तो म्हणत राहिला. ब्रेकऐवजी वेगाच्या पट्टीवर पाय पडला, असे न्यायालयाने ठरविले. त्या एका वर्षात जपानात सुमारे सहा लाख लोकांनी आपले परवाने आपण होऊन परत केले. परवाना परत करणारास तेथे एक प्रमाणपत्र मिळू शकते व ते दाखविल्यास पुष्कळ ठिकाणी बस व टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते. ही लहानशी गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. तिचे कारण आमच्या घरच्याच अनुभवात आहे.

आमचे वडील निवृत्त शिक्षक. वयाच्या पंचाहत्तरीनंतरही ते येरवड्याहून कँपातील देवळास दर रविवारी आपल्या स्कूटरने जात. २०२२ च्या डिसेंबरात नाताळच्या गायनाची तालीम आटोपून संध्याकाळी परतत असता, घराजवळच्या चौकात गडद निळा स्वेटर घातलेला एक मुलगा त्यांस दिसलाच नाही. हँडलचा आरसा त्याच्या दप्तरास घासून गेला, मुलगा वाचला. ही गोष्ट कोणी पाहिली नव्हती. बाबांनी ती रात्री जेवताना स्वतःच सांगितली, आणि त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. तरी दोन दिवसांनी स्कूटर पुन्हा बाहेर निघालीच. तेव्हा आम्हां भावांत मसलत होऊन, स्कूटरच्या प्लगची तार गुपचूप सैल करून ठेवावी असे ठरले व आम्ही तसे केले. बाबांनी तासाभरात दोष शोधून काढला. ते रागावले नाहीत. इसहाकाचे डोळे गेले होते म्हणून त्याच्या मुलाने त्याला फसविले होते, एवढेच ते म्हणाले आणि आत गेले. आम्ही वर्गात जो अध्याय अनेकदा शिकविला, तो त्या दिवशी आम्हांस प्रथम कळला.

त्यानंतर आम्ही उघडपणे वागलो. त्यांच्याबरोबर नेत्रवैद्याकडे गेलो. मोतीबिंदू निघाला व काचबिंदूचा आरंभही आढळला. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पुष्कळ सुधारली, आणि दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्याने, नातवास मागे न बसविता स्कूटर चालवावी, असे सर्वांच्या संमतीने ठरले. वर्षभराने झालेल्या तपासणीत डाव्या बाजूचे दृष्टिक्षेत्र आकुंचित झाल्याचे दिसले. डॉक्टरांनी तो नकाशा आमच्या हाती न देता बाबांच्या हाती दिला व त्यातील काळे डाग त्यांसच समजावून सांगितले. घरी आल्यावर त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. कोणी मागितली नव्हती.

परंतु गोष्ट तेथे संपली नाही. पुढील तीन रविवार बाबा उपासनेस गेले नाहीत. कोणास त्रास नको, असे ते म्हणत. तेव्हा आमच्या ध्यानी आले की आम्ही धोका तेवढा काढून घेतला होता. त्याबरोबर देऊळ, मंडई, वाचनालय व मित्रांची बैठकही काढून घेतली होती. ज्याचे वाहन सुटते तो पुष्कळदा घरातच कोंडला जातो व त्याचे मन खचते. म्हणून आम्ही घरात पाळ्या लावल्या. त्यांनी विचारण्याची वाट न पाहता रविवारी सकाळी कोणी ना कोणी तयार असावे, असा नियम केला. २०२४ च्या ऑगस्टात येरवड्याचे मेट्रो स्थानक सुरू झाले, तेव्हा आमच्या धाकट्या मुलीने त्यांस दोन वेळा सोबत नेऊन तिकीट काढणे व सरकता जिना शिकविला. आता नदीपलीकडे ते एकटे जाऊन येतात. गावी जावयाचे असल्यास पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांस राज्य परिवहनाच्या बसमध्ये ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास आहे, त्याचाही ते उपयोग करतात व प्रवासाचा हिशेब मोठ्या अभिमानाने सांगतात.

या सर्वांवरून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. घरातील वडीलधाऱ्यांचे डोळे, त्यांत काचबिंदूही, वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. २५ मीटरांवरून मोटारीची नंबरपाटी दिवसाच्या चांगल्या उजेडात वाचता येते की नाही, ही सोपी परीक्षा अधूनमधून घ्यावी. आपल्याकडील परवान्याच्या अर्जाच्या नमुन्यात हेच माप आहे. प्रथम रात्र सोडावी, मग पाऊस, मग गर्दीचा चौक, मग मागचा प्रवासी. आणि शेवटी किल्ली. एका घावात सर्व तोडू नये, व चोरून तर काहीच करू नये. आणि मुलांनो, तुम्ही रस्ता ओलांडताना समोरचे आजोबा तुम्हांस पाहतच असतील असे गृहीत धरू नका. संध्याकाळी उजळ रंगाचे कपडे घाला, मागे बसलात तर शिरस्त्राण घाला, आणि आजोबांस घाई करू नका.

मातापित्यांच्या मानाविषयीची आज्ञा आपण बालपणीच पाठ करतो. किल्ली मागितल्याने ती मोडते काय, असा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत होता. आमचे उत्तर असे की, खरे सांगून मागितल्याने ती मोडत नाही. पण किल्ली घेऊन ज्याने वाट दिली नाही, त्याने ती अर्धीच पाळली. उद्या सायंकाळी फाटकाबाहेर तुमचे आजोबा उभे असतील, तर घरी जाताना त्यांस हळूच विचारा, रात्रीचे दिवे डोळ्यांस खुपतात काय? या प्रश्नापासून आरंभ करणे पुरेसे आहे.